जुन्या मॉनिटरवर अक्षरं फुटतात, कडांना लाल-निळं दिसतं. पेटी उघडू का?

खुडबुड्या
मंडळी, बरीच वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेला १७ इंची सीआरटी (काचेच्या मोठ्या ट्यूबचा) मॉनिटर परवा बाहेर काढला. जुने खेळ नव्या सपाट पडद्यावर अगदीच अळणी वाटतात, म्हणून हा उद्योग. उचलताना आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं, पण लावला आणि पहिल्या फटक्यात चालू झाला. आनंद दहा मिनिटं टिकला.

तक्रारी दोन. एक, थंड मॉनिटर चालू केला की अक्षरं टीपकागदावर शाई फुटावी तशी पसरतात. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बरीच आवळून येतात. दुसरी, काळ्यावर पांढरी उभी रेघ काढली की डावीकडे लाल आणि उजवीकडे निळी किनार दिसते. मध्यभागी किंचित, पण उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन रंगांच्या तीन रेघा सुट्ट्या मोजता येतात. हे मात्र गरम झाल्यावरही जात नाही.

रिझोल्युशन १०२४ × ७६८, ८५ हर्ट्झ. डिगॉसचं (ट्यूबमधली चुंबकता घालवायचं) बटण लागोपाठ चार वेळा दाबून झालं. थ्रम्म आवाज आला, चित्र थरथरलं, फरक शून्य. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलोय. पेटी उघडू का?

ठिपका
स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. आधी स्क्रीनशॉट काढून चौपट मोठा करून बघा.

रात्रकिडा
@ठिपका, स्क्रीनशॉटमध्ये मॉनिटरचा दोष कसा येणार? तो तर संगणकाच्या आतूनच निघतो. फोटो म्हणायचंय का?

ठिपका
नाही, स्क्रीनशॉटच. त्यात मॉनिटरचा दोष येत नाही हाच तर फायदा! मोठं केलेल्या चित्रात अक्षरांच्या कडा रंगीत दिसल्या तर तो रंग संगणकानेच भरलाय, मॉनिटर बिचारा निर्दोष.

विंडोज एक्सपीपासून क्लिअरटाइप नावाची सोय आहे. एलसीडीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या ठरलेल्या क्रमाने असतात, हे धरून ती अक्षरांच्या कडेला मुद्दाम रंग टाकते. एलसीडीवर डोळ्याला ते गुळगुळीत वाटतं. सीआरटीत पिक्सेल आणि पडद्यावर चमकणारे फॉस्फरचे ठिपके यांचं असं लग्न लागलेलंच नसतं, त्यामुळे कड नुसतीच रंगीत दिसते. मी स्वतः दोन संध्याकाळी मॉनिटरच्या बटणांशी झटापट केली होती. शेवटी क्लिअरटाइपवरची खूण काढली आणि 'दोष' गायब.

खुडबुड्या
काढला, चौपट केला. कडा करड्या आहेत, रंग कुठेच नाही. आणि माझी रेघ तर चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये ओढलेली आहे, तिला क्लिअरटाइप कशाला शिवेल?

ठिपका
अरे हो, रेघेचं माझ्या ध्यानातच आलं नाही. बरोबर आहे तुमचं. पण अजून संगणकाचं ग्राफिक्स कार्ड आणि केबल संशयातून सुटलेली नाहीत. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा, तो ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टवाला. ती अक्षरं मॉनिटर आतल्या आत तयार करतो, संगणकाचा त्याच्याशी संबंध नसतो. मेनू स्वच्छ आणि बाकीचं चित्र खराब असेल तर केबल किंवा कार्ड बघा. मेनूलाही लाल-निळी किनार असेल तर मॉनिटरच.

टवाळ_पोर
अक्षरं फुटतात, कडा लाल-निळ्या दिसतात, सकाळी जास्त त्रास होतो... मला वाटलं डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी धागा आहे. दिवे घ्या.

चष्मेबहाद्दर
हसू नका हो. माझ्या बाबतीत तेच निघालं होतं!

माझा नंबर दांडगा, म्हणून पातळ काचांचा चष्मा करून घेतला. दुसऱ्याच दिवशी मॉनिटरच्या कडेच्या अक्षरांना एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळं. केबल बदलली, ड्रायव्हर बदलले, मॉनिटर दुसऱ्या टेबलावर नेला. एके दिवशी खिडकीकडे पाहिलं तर गजांनाही तशाच किनारी! खिडकीला कुठली केबल?

जास्त वक्रीभवनाच्या आणि पॉलीकार्बोनेटच्या भिंगांतून निरनिराळे रंग थोडे निरनिराळे वळतात. ते किती फाकतात याचं माप म्हणजे ॲबे अंक, जितका मोठा तितकं बरं. साध्या प्लास्टिकच्या भिंगाचा साधारण ५८, पॉलीकार्बोनेटचा ३०. भिंगाच्या मधून बघितलं तर फरक कळत नाही, कडेने बघितलं की कळतो. नजर रेघेवर ठेवा आणि मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. किनार कमी-जास्त झाली, बाजू बदलली, तर चष्मा. रेघेला चिकटूनच राहिली तर मॉनिटर.

टवाळ_पोर
खिडकीला कुठली केबल 😂 शब्द मागे घेतो.

खुडबुड्या
मान फिरवली. घरच्यांनी काय झालं विचारलं. किनार रेघेलाच चिकटून आहे. मेनूही बघितला, त्यातल्या अक्षरांना डावीकडे लाल, उजवीकडे निळं. म्हणजे चोर पेटीतच आहे.

निळीशाई
धाग्यात घुसते, माफ करा. माझा सीआरटी नाही, जुना १७ इंची एलसीडी आहे, पण अक्षरं धूसर हीच तक्रार. १०२४ × ७६८ ठेवलंय, कारण त्याच्या वर अक्षरं मुंगीएवढी होतात. माझ्याकडेही रंग जुळत नसतील का?

ठिपका
@निळीशाई, एलसीडीत रंग जुळण्या-न-जुळण्याचा प्रश्न येत नाही, पट्ट्या काचेवर कायमच्या कोरलेल्या असतात. १७ इंची ५:४ आकाराच्या पडद्यावर १२८० × १०२४ पिक्सेल मोजून बसवलेले असतात. तुम्ही १०२४ पाठवता, तो ते १२८० जागांत वाटतो. चार दाणे पाच वाट्यांत वाटायचे म्हटल्यावर फोडावे लागणारच. रिझोल्युशन १२८० × १०२४ करा आणि अक्षरांचा आकार विंडोजमधून वाढवा.

निळीशाई
केलं. खूप फरक पडला! पण मधल्या काही उभ्या पट्ट्यांत अक्षरं अजून अंधुक आहेत आणि बाजूची स्वच्छ. असं पट्टेरी का?

रात्रकिडा
व्हीजीए केबल आहे ना? मग हे मला येतं. त्या केबलमधून चित्र सलग लाटेसारखं येतं आणि एक पिक्सेल कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो हे मॉनिटरला स्वतः ठरवावं लागतं. ओळीत किती तुकडे पाडायचे ते चुकलं की उभे अंधुक पट्टे येतात (मेनूत 'क्लॉक'). तुकडे बरोबर पण मोजायचा क्षण चुकला की सगळीकडेच अक्षरं थरथरतात ('फेज'). 'ऑटो' बटण हे दोन्ही जुळवतं, पण पडद्यावर काळाभोर डेस्कटॉप ठेवून दाबलं तर त्याला मोजायला काही मिळत नाही. एक काळा, एक पांढरा पिक्सेल अशी नक्षी पडदाभर लावा आणि मग दाबा.

निळीशाई
नक्षी लावली, दाबलं, दोन सेकंद चित्र इकडेतिकडे सरकलं आणि पट्टे गेले. इतकी वर्षं त्या बटणाला मी बिनकामाचं समजत होते. धन्यवाद सगळ्यांना, आता वाचनमात्र.

जुना_मेकॅनिक
उशिरा पोचलो. टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्तीत हयात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खुडबुड्या, तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नका. पारख सोपी आहे. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. मग काळ्यावर फक्त हिरव्या रंगात बारीक अक्षरे लिहा. ट्यूबमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन गन असतात, त्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांच्या शलाका सोडतात. हिरव्या अक्षरांना एकच गन लागते, तेव्हा रंग एकमेकांवर बसण्याचा प्रश्नच उरत नाही. हिरवी अक्षरे कोरीव आणि पांढरी फुटलेली, तर फोकस ठीक, दोष कन्व्हर्जन्सचा, म्हणजे तीन रंग एकमेकांवर बसण्याचा. हिरवीही फुटली तर फोकस. हीच परीक्षा थंड मॉनिटरवर एकदा करा.

डिगॉसबद्दल. चारदा दाबलेत त्यातला पहिलाच कामाचा, उरलेले तीन आवाजापुरते. कॉइलच्या वाटेवर एक थर्मिस्टर असतो, तो तापला की प्रवाह तुटतो. तो गार व्हायला वीस-तीस मिनिटे द्यावी लागतात. शिवाय डिगॉसने जाते ती मुख्यतः मास्कची (पडद्यामागच्या छिद्रांच्या पत्र्याची) चुंबकता, म्हणजे पूर्ण पांढऱ्या पडद्यावर कोपऱ्यात गुलाबी-हिरवे डाग पडतात ती. रेघांच्या किनारी हे वेगळे दुखणे.

रात्रकिडा
थोडा असहमत. माझ्याकडे डिगॉसने किनारीही कमी झाल्या होत्या.

जुना_मेकॅनिक
जवळ स्पीकर होता का?

रात्रकिडा
...होता. मोठा. मॉनिटरला टेकूनच. डिगॉस करायच्या आधी हलवला होता.

जुना_मेकॅनिक
मग श्रेय स्पीकर हलवण्याला द्या. त्याच्या चुंबकाने तिन्ही शलाका वाटेतच ओढल्या जातात. ट्रान्सफॉर्मर जवळ असला तर चित्र डुलते. वीज ५० हर्ट्झ आणि रिफ्रेश ६० असेल तर सेकंदाला दहा हेलकावे. पुष्कळ जण हे बघून ट्यूब गेली म्हणतात.

अधूनमधून
माझ्या जुन्या ट्रिनिट्रॉनवर पडद्याच्या खालच्या एक तृतीयांशावर एक बारीक करडी आडवी रेघ आहे. पांढऱ्या पानावर कायम दिसते. ही पण फोकसची भानगड?

ठिपका
ती तार आहे! ट्रिनिट्रॉनमध्ये छिद्रांच्या मास्कऐवजी उभ्या ताणलेल्या पट्ट्यांची जाळी असते. धक्क्याने पट्ट्या थरथरू नयेत म्हणून त्यांच्यावरून एक किंवा दोन बारीक आडव्या तारा नेलेल्या असतात, त्यांची ती सावली. १९६८ पासून सोनी अशाच जाळीच्या ट्यूब बनवत होती. मॉनिटरच्या बाजूला हलकी थाप मारा, रेघेजवळचं चित्र लहरेल. दुरुस्त करायला जाऊ नका, ती नसती तर पंचाईत झाली असती.

अधूनमधून
थाप मारली. लहरलं. दिवसभर मारतोय.

खुडबुड्या
@जुना_मेकॅनिक, परीक्षा दिली. थंड असताना हिरवी अक्षरंही फुटतात. पाऊण तासाने हिरवी एकदम कोरीव, पांढरी मात्र किनारवाली.

बिनधास्त
मग फोकस फिरवायचा! पेटीच्या मागे फ्लायबॅकवर (जास्त व्होल्ट तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) दोन चाव्या असतात, वरची फोकसची. मॉनिटर चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरने फिरवायची, समोर आरसा ठेवायचा. दोन मिनिटांचं काम, मी केलंय. उगाच बाऊ करतात लोक.

जुना_मेकॅनिक
बिनधास्त, तुमचे हात शाबूत आहेत याचा आनंद आहे. पण नवख्याला हा सल्ला देऊ नका. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर साधारण २५,००० व्होल्ट असतात आणि फोकसच्या वायरीतही काही हजार. मॉनिटर बंद करून प्लग काढला तरी ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी भार धरून ठेवते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वेगळा. झटक्यापेक्षा झटक्याने हात मागे येतो तो वाईट, कारण मागे ट्यूबची मान असते. तिची काच पातळ. फुस्स असा आवाज येतो आणि ट्यूब संपते.

आणि त्या दोन प्रीसेटपैकी (चाव्यांपैकी) दुसरा 'स्क्रीन'चा असतो. तो फिरला तर...

बिनधास्त
...पडदा दुधासारखा पांढरा होतो आणि तिरप्या रेघा येतात. माहितीये. आरशात वरचं-खालचं कळलं नव्हतं 😐 परत जागेवर आणायला तासभर गेला.

टवाळ_पोर
दोन मिनिटांचं काम!

जुना_मेकॅनिक
असो. मुद्दा हा की इथे फोकस फिरवून उपयोगच नाही. प्रीसेट चुकला असता तर अक्षरे गरम असतानाही फुटलीच असती. थंडपणी फुटतात आणि तापल्यावर आवळतात, म्हणजे माझा पहिला संशय ट्यूबच्या बेसवर. मानेच्या टोकाला पिनांवर जो प्लास्टिकचा बेस बसतो, त्यात फोकसच्या पिनला वेगळा कप्पा असतो. बरीच वर्षे दमट जागी पडून राहिले की त्या कप्प्यात ओल धरते, धातूवर हिरवट थर चढतो आणि फोकसचा दाब तिथून झिरपतो. आतली ऊब वाढली की ओल उडते, फोकस परत येतो. आज थंड असताना प्रीसेट जुळवलात तर तासाभराने तो चुकलेला असेल. उपाय म्हणजे बेस बदलणे. साफ करून काही दिवस निभावते, पण पुन्हा येते.

थकलेली ट्यूबही थंडपणी धूसर असते, पण तिच्यात उजळ भागच जास्त पसरतो आणि चित्र आधी अंधारलेले येते. कॉन्ट्रास्ट निम्मा करून पाहा. त्याने अक्षरे आवळली तर ट्यूब म्हातारी झाली आहे.

खुडबुड्या
कॉन्ट्रास्ट कमी करून फरक नाही, चित्रही लगेच उजळ येतं. म्हणजे बेस. आणि किनारींचं काय?

जुना_मेकॅनिक
आधी मॉनिटरच्या मेनूत शोधा. चांगल्या मॉनिटरांत कन्व्हर्जन्सची आडवी आणि उभी दुरुस्ती मेनूतच दिलेली असते.

ती नसेल तर मानेवर कानवाल्या कड्यांच्या जोड्या असतात. दोन ध्रुवांची जोडी रंगशुद्धीसाठी, चार आणि सहा ध्रुवांच्या जोड्या कन्व्हर्जन्ससाठी. हिरवी गन बहुधा मध्ये असते. चार ध्रुवांच्या कड्यांनी लाल आणि निळी विरुद्ध दिशांना सरकतात, सहा ध्रुवांच्या कड्यांनी दोघी जोडीने. म्हणून आधी लाल-निळी एकमेकींवर बसवून जांभळट रेघ करायची, मग ती रेघ हिरवीवर नेऊन ठेवायची. कारखान्यात कड्यांवर रंगाचा थेंब टाकून त्या बसवलेल्या असतात. तो थेंब शाबूत असेल तर कड्यांना हातसुद्धा लावू नये, त्या आपणहून फिरत नाहीत.

आणि कड्यांनी मध्यभाग सुधारतो. कोपरे योकच्या, म्हणजे शलाका वळवणाऱ्या मानेवरच्या कॉइलच्या, कलण्यावर असतात.

ठिपका
थांबा. योक कलू नये म्हणून त्याच्या आणि काचेच्या मध्ये रबराच्या पाचरी असतात ना? पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय: "उचलताना आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाटलं."

जुना_मेकॅनिक
शाबास. हे वाक्य मी वाचून सोडून दिले होते. पाचर चिकटवलेली असते, डिंक वाळला की सुटते. एकाच कोपऱ्यात तीन रेघा सुट्ट्या दिसणे याच्याशी तंतोतंत जुळते. खुडबुड्या, आता पेटी उघडायची, पण तुम्ही नाही. ट्यूब डिस्चार्ज करता येणारा माणूस गाठा. त्याला तीन गोष्टी सांगा: बेस बदल, पाचर शोध, कड्यांना हात लावू नको.

रात्रकिडा
तोपर्यंत अवांतर: याच मॉनिटरवर १६०० × १२०० ठेवलं तर अक्षरं आणखी बारीक दिसतील का?

ठिपका
बारीक होतील, स्पष्ट नाही. १७ इंचीचा दिसणारा भाग साधारण १६ इंच, म्हणजे रुंदी सुमारे ३२५ मिमी. डॉट पिच, म्हणजे एकाच रंगाच्या शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर, ०.२८ मिमी धरला तर आडवे जेमतेम ११६० ठिपके. १६०० पिक्सेल कुठे कोंबणार?

जुना_मेकॅनिक
०.२८ हे तिरपे अंतर असते. आडवे साधारण ०.२४, म्हणजे साडेतेराशे. निष्कर्ष तुमचाच बरोबर.

खुडबुड्या
आठ दिवसांनी आलोय. टीव्ही दुरुस्त करणारे ओळखीचे एक काका आले. पेटी उघडली, वायरने ट्यूबचा भार उतरवला, 'टक्' असा आवाज आला आणि मी दोन पावलं मागे गेलो. पेटीच्या तळाशी धुळीच्या गादीवर एक काळी रबरी पाचर पडली होती, अंगठ्याच्या पेराएवढी. एका बाजूला पिवळा, कडक झालेला डिंक. योक उजवीकडे किंचित झुकलेला, नुसत्या डोळ्यांनी कळणारही नाही इतका. काकांनी पडद्यावर चौकटींची नक्षी लावायला सांगितली आणि योक केसभर हलवला, तर कोपऱ्यातल्या तीन रेघांची एक होताना मी समोरून बघितलं. मग पाचर सारून चिकटवली.

बेसचा कप्पा उघडला तर आत खरंच हिरवट थर होता. बदलला. आता सकाळी चालू केल्या केल्या अक्षरं सरळ उभी असतात. मेनूत आडवी कन्व्हर्जन्स सापडली, दोन घरं सरकवल्यावर मधली किनारही गेली. डावीकडे खाली अजून अर्ध्या रेघेएवढी निळी कड राहिलीये. तिच्यासाठी योक परत हलवू का विचारलं, तर काकांनी उत्तर न देता पेटी बंद केली.

जुना_मेकॅनिक
समजूतदार माणूस आहे. ती कड सुधारायला गेलात तर वरचा कोपरा पुन्हा सुटेल. नव्याकोऱ्या मॉनिटरच्या माहितीपत्रकातही कोपऱ्यांना मध्यापेक्षा जास्त सूट दिलेली असे.

टवाळ_पोर
आणि खेळ? ज्याच्यासाठी एवढं केलं तो खेळलात की नाही?

खुडबुड्या
काल रात्री खेळलो. पहिल्याच पातळीवर तीनदा मेलो. स्क्रीनशॉट काढून तपासलं, मॉनिटरचा दोष नाहीये.